ऑनलाइन मुलाखत वाया गेली? आता हे करा

समोरच्याने कॅमेरा लावलाच नाही, तुमचा बायोडेटा तुमच्यादेखत पहिल्यांदा उघडला आणि ‘कळवतो’ म्हणून कॉल कापला. अशा वेळी कुणी सगळा दोष अंगावर घेतं, कुणी कंपनीच्या नावाने बोटं मोडतं. त्याआधी थोडी छाननी करा.

१. त्याच रात्री सगळे प्रश्न आठवतील तसे लिहून काढा. सकाळपर्यंत निम्मे विसरतात. प्रत्येकापुढे खूण करा: येत होतं पण सांगता आलं नाही, येतच नव्हतं, की जाहिरातीतच नव्हतं? तिसऱ्या खुणा जास्त असतील तर त्यांना माणूसच वेगळा हवा होता. ते मनाला लावून घेऊ नका. पहिल्या खुणेची उत्तरं मात्र मोबाइलवर रेकॉर्ड करून दोन मिनिटांत बसवा.

२. आवाज तुटत होता? स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड नव्हे, अपलोडचा आकडा बघा. ३-४ एमबीपीएस स्थिर मिळाला तर व्हिडिओ कॉलला पुरतो. इंदूरच्या रामबाग, नारायणबागेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून ५ गीगाहर्ट्झचं वायफाय नीट पोचत नाही. २.४ वर जा किंवा सरळ लॅनची केबल ओढा. लाइट गेल्यावर पंखा इन्व्हर्टरवर फिरतो, पण राउटरचा प्लग साध्या लाइनवर असतो, ही घरोघरची गोष्ट. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट तेच हवेत आणि अँपिअर कमी नकोत. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते. आणि मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशीच लॅपटॉपला जोडून बघा.

३. वेळेचा घोळ झाला का? न्यूयॉर्कचे सकाळचे १० म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे ७:३०, हिवाळ्यात ८:३०. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. लग्नसराईत ही वेळ वरातीच्या बँडची! तेव्हा रस्त्याकडची खोली टाळा.

४. दुसऱ्या दिवशी पाच-सहा ओळींचा मेल टाका: आभार, अर्धवट राहिलेल्या एका प्रश्नाचं नेमकं उत्तर, आणि निर्णय कधीपर्यंत कळेल ही विचारणा. उशीर, बंद कॅमेरा, यांची तक्रार त्यात नको. समोरचा आलाच नसेल तर १५ मिनिटं थांबा, वेटिंग रूमचा स्क्रीनशॉट काढा, तो जोडून दुसरी वेळ मागा. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण, मग पुढचा अर्ज. इंदूरच्या ‘सानंद’ या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात कुणी काकूंनी ‘काय रे, झालं का काम?’ विचारलंच, तर ‘बघू’ एवढं पुरे.

५. ‘नमुन्यादाखल’ चार-पाच दिवसांचं काम फुकट करून मागितलं तर एखाद्या दुपारीत होईल तेवढंच देऊ, असं सांगा. नोंदणी, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी पैसे मागितले तर ती मुलाखत नव्हतीच. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड.