थर्मोस्टॅटच्या बोल्टला पान्ना लावण्याआधी

डिझेल गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, बदलायला हात बसलेल्या माणसाला तास-दीड तास पुरतो. तरीही आपल्या कोल्हापूर भागात कितीतरी जुन्या जीप आणि पिकअप थर्मोस्टॅटशिवायच पळताना दिसतात. कारण बहुतेक वेळा तेच असतं. हाऊसिंग (थर्मोस्टॅटचं आवरण) उघडलं, आतला भाग खराब निघाला, नवा हाताशी नव्हता आणि मिस्त्री म्हणाला, "मालक, काढून टाकूया की, आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय?" गाडी त्या दिवशी घरी पोचते आणि विषय तिथंच मिटतो. म्हणून ही तयारी काम सुरू करण्याआधी करायची. सगळं सामान जवळ आल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका.

पहिली तयारी म्हणजे दोष थर्मोस्टॅटचाच आहे याची खात्री. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. ते ठरावीक तापमानाला फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरकडं जाणारी वाट उघडते. हा भाग बंद अवस्थेत अडकला तर गाडी तापते, आणि मग सगळेच धावपळ करतात. उघडा अडकला तर गाडी चालू राहते, म्हणून महिनोन्महिने कुणी लक्ष देत नाही. डिझेल इंजिन मुळातच कमी उष्णता वाया घालवतं. रिकामं चालताना किंवा उतारावर ते फारसं तापत नाही. करूळ घाट उतरताना तापमानाचा काटा थोडा खाली सरकला तर घाबरू नका. पण सपाट रस्त्यावर वैभववाडीपर्यंत पोचूनही तो वर येत नसेल, हीटर कोमट हवा टाकत असेल आणि ॲव्हरेज पडलं असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे असं समजायला जागा आहे.

नुसत्या काट्यावर मात्र विसंबू नका. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध थांबवलेला असतो, खरं तापमान बरंच वरखाली झालं तरी तो हलत नाही. एखादा साधा ब्लूटूथ स्कॅनर मिळवा आणि मोबाईलवर कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान पाहा. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट असेल तर स्कॅनरवर पी०१२८ हा बिघाडाचा कोडही बऱ्याचदा मिळतो. स्कॅनर बसत नाही अशी जुनी गाडी असेल तर लांबून नेम धरून तापमान मोजणारा गन थर्मामीटर वापरा. त्यात एक खाच आहे: चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खरं तापमान दाखवत नाही, खूप कमी दाखवतो. हाऊसिंगवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्या तुकड्यावर नेम धरा. स्कॅनर आणि गन यांचे आकडे जुळले नाहीत तर दोष तापमानाच्या सेन्सरचा असू शकतो. तो बदलणं थर्मोस्टॅटपेक्षा सोपं असतं.

हातानं पाहायची जुनी पद्धतही चांगली आहे. सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाईपवर हात ठेवायचा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो पाईप बराच वेळ गार राहतो आणि मग झटकन गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर वाट उघडीच आहे. फक्त थर्मोस्टॅट कुठं बसवलेला आहे ते आधी पाहून घ्या. बऱ्याच नव्या इंजिनांत तो वॉटर पंपाच्या तोंडाशी, खालच्या होजवर असतो. तिथं वरचा पाईप लगेच गरम होणारच, परीक्षा खालच्या पाईपची घ्यायची. पंख्यात आणि बेल्टमध्ये बाही जाणार नाही एवढं सांभाळा.

आता तो "काढून टाका"चा सल्ला. मला यात तडजोड मान्य नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची वाट उघडली की ही चकती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधून जातं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न शिवता परत इंजिनात फिरतो. मग रोजच्या गावातल्या फेऱ्यांना इंजिन गार राहतं, आणि आंबा घाटात भरलेली गाडी चढताना नेमकी तापते. गार चालणाऱ्या इंजिनात सिलिंडर झिजतो, ऑईलमध्ये ओलावा साठतो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत आणखी एक भर पडली आहे. त्यांच्या डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली काजळी जाळायला इंजिन पुरेसं गरम असावं लागतं. ते तापलंच नाही तर अनेक गाड्यांत ती जाळण्याची क्रिया सुरूच होत नाही आणि फिल्टर तुंबत जातो. त्या फिल्टरच्या किमतीत थर्मोस्टॅटांचा ढीग येईल.

सुटा भाग घेताना चॅसिस नंबर सांगून घ्या, नुसतं मॉडेलचं नाव सांगून घेऊ नका. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिनं बसलेली असतात. थर्मोस्टॅटच्या कडेवर किंवा पोटावर तापमानाचा आकडा कोरलेला असतो, ८२ किंवा ८८ असा. कंपनीनं जो दिला आहे तोच घ्या. "आपल्याकडं ऊन फार" म्हणून कमी आकड्याचा बसवण्यात फायदा नाही, कारण उन्हाळ्यात गाडी गार ठेवायचं काम रेडिएटर आणि पंख्याचं आहे. सोबत पॅकिंग किंवा ओ-रिंग मागून घ्या, तीही त्याच नंबरची. चपट्या कागदी पॅकिंगच्या जागी नुसतं सिलिकॉन थापू नका. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरी तपासायचाच. यासाठी एक जुनं पातेलं बाजूला काढा, स्वयंपाकाला ते पुन्हा वापरायचं नाही. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर आणि दोरा एवढं पुरतं. झडपेच्या फटीत दोरा अडकवून थर्मोस्टॅट पाण्यात लटकवा. तो पातेल्याच्या तळाला टेकता कामा नये, तळ पाण्यापेक्षा गरम असतो आणि आकडा चुकतो. थर्मामीटरही मधोमध धरा आणि आच मंद ठेवा. कोरलेल्या आकड्याच्या एक-दोन अंश इकडंतिकडं दोरा सुटून भाग खाली पडला की झडप उघडायला लागली असं समजा. पूर्ण उघडायला आणखी बारा-पंधरा अंश लागतात. इथं कोल्हापूरकरांनी एक लक्षात ठेवावं. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत, त्यामुळं उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ८२ चा थर्मोस्टॅट तुम्हाला जवळपास पूर्ण उघडलेला दिसेल, ८८ चा दिसणार नाही. त्यात त्याचा दोष नाही, दुकानदाराशी भांडू नका. मग आच बंद करून तो पूर्ण मिटतो का ते पाहा. मिटल्यावर उजेडात धरून फट दिसते का तेही पाहा. जुना काढल्यावर त्याचीही अशीच परीक्षा घ्या. जुना ठीक निघाला तर दुखणं दुसरीकडं आहे हे तरी कळेल.

काही गाड्यांत थर्मोस्टॅट हाऊसिंगसकट सीलबंद येतो. तो महाग असतो, आणि परदेशी किंवा बंद झालेल्या मॉडेलचा लवकर मिळतच नाही. तिथं बदलाचा एक मार्ग आहे: उघडा अडकलेला मूळ भाग जागेवर ठेवायचा आणि वरच्या होजमध्ये वेगळं हाऊसिंग बसवून त्यात प्रमाणित थर्मोस्टॅट घालायचा. आपलं नशीब की शिवाजी उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे. ऑईल इंजिनांचे आणि पंपांचे भाग घडवणाऱ्या त्या गल्ल्यांत असं दोन फाळ्यांचं ॲल्युमिनियमचं हाऊसिंग लेथवर करून मिळू शकतं. जाताना होजचा आतला व्यास आणि थर्मोस्टॅट दोन्ही सोबत न्या, तोंडी माप सांगू नका. होज निसटू नये म्हणून नळीच्या टोकाला उंचवटा ठेवायला सांगा. मेणाचा गोळा इंजिनाच्या बाजूला आला पाहिजे. त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचत राहावं आणि हवा निघावी म्हणून कडेला तीन मिलिमीटरचं एक भोक लागतं. याहून मोठं भोक पाडलं तर इंजिन पुन्हा उशिरा तापेल. मूळ भाग बंद किंवा अर्धवट अडकलेला असेल, किंवा थर्मोस्टॅट खालच्या होजवर असेल, तर हा उपाय करू नका. हमीतल्या गाडीवर तर मुळीच नको.

कूलंट किती लिटर लागतं ते गाडीच्या पुस्तकातून पाहून ठेवा आणि त्याहून एक लिटर जास्त आणा. घट्ट कूलंट असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. रंग पाहून कूलंट ओळखता येत नाही, हिरव्यात हिरवं ओतलं तरी दोन्ही वेगळ्या जातीची असू शकतात. जुनं कोणतं आहे ते माहीत नसेल तर सगळं काढून, साध्या पाण्यानं धुऊन, शेवटची खळणी डिस्टिल्ड पाण्याची द्या. बोअरचं पाणी नको. शिरोळकडच्या क्षारपड पट्ट्यातल्या मंडळींना किटलीच्या तळाशी बसणारा थर माहीत आहे, तसाच थर सिलिंडर हेडच्या आत बसतो आणि तो खरवडायला तिथं हात पोचत नाही.

जुनं कूलंट धरायला रुंद घमेलं आणि झाकणाचा कॅन हवा. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. दारात सांडलेलं कुत्र्या-मांजरानं चाटलं तर जीव जातो, लहान मुलांचंही तेच भय. गटारीत ओतू नका, आपल्या शहराचे नाले शेवटी पंचगंगेलाच मिळतात. जुनं ऑईल गोळा करून देणाऱ्या गॅरेजला आधी विचारून ठेवा आणि कॅन तिथं द्या.

हत्यारांत विशेष काही नाही: दहा, बारा, तेराची गोटी, रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, होजच्या क्लिपांसाठी पक्कड, प्लास्टिकची खरवडणी, बारीक पॉलिश पेपर. खरी धास्ती बोल्टची. ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये वर्षानुवर्षं बसलेले लोखंडी बोल्ट आतून गंजून धरतात आणि थोडा जोर जास्त झाला की डोकं हातात येतं. आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्या, मग आधी किंचित आवळा आणि नंतर सोडा. किरकिरत फिरत असेल तर थांबा, परत आत फिरवा, पुन्हा स्प्रे मारा. यात अर्धा तास गेला तरी चालेल. तरीही तुटलाच तर ड्रिल करून आटे पाडणारा माणूस कोण, तो त्या दिवशी दुकानात आहे का, हे आधी विचारून ठेवा. नवे बोल्ट आणलेले बरे. बसवताना टॉर्क रेंच वापरा. पुस्तकात वेगळं दिलं नसेल तर सहा मिलिमीटरच्या बोल्टला सुमारे १० न्यूटन मीटर पुरतात, आठच्याला २० ते २५.

उघडलंच आहे तर होज दाबून पाहा, फुगलेला किंवा तडकलेला असेल तर बदला. रेडिएटरची कॅपही पाहा. ०.९ बारची कॅप नीट धरत असेल तर आतलं पाणी ११५ अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही, रबर गेलं असेल तर त्याच्या कितीतरी आधीच उकळ्या सुरू होतात.

काम सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करा. गरम इंजिनाची कॅप उघडून तोंड-हात भाजल्याच्या घटना प्रत्येक गॅरेजात सांगतात, आणि त्या खऱ्या असतात. गाडीचं तोंड चढाकडं येईल अशी थोडी उताराची जागा निवडा, म्हणजे भरताना हवा वर येऊन निघते. थर्मोस्टॅटला हवेची छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला, घड्याळात बारा वाजता काटा असतो तिथं ठेवा. एअर काढायचा स्क्रू कुठं आहे तो आधीच शोधा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हळूहळू भरा.

चाचणीचा रस्ताही आधी ठरवा. थेट गगनबावड्याला निघू नका. आधी रंकाळ्याभोवती एक फेरी मारून थांबा आणि हाऊसिंगखाली ओल आहे का ते बघा. मग राष्ट्रीय महामार्गानं कागलपर्यंत जाऊन या आणि स्कॅनरवर आकडा स्थिर राहतो का ते पाहा. शेवटी वाघबीळवरून पन्हाळा चढा. उसाच्या हंगामात जोड-ट्रॉल्यांच्या मागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढावं लागलं तर उत्तम, पंख्याचीही परीक्षा होते. सोबत पाच लिटर तयार कूलंट आणि चिंध्या असू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहा. ती बहुधा थोडी उतरलेली असते, उरलेली हवा निघाल्यामुळं. खुणेपर्यंत भरा आणि पुढचा आठवडाभर रोज सकाळी झाकण न उघडता कूलंटच्या बाटलीकडं नजर टाका.