तोंडी नकार कागदावर आणा: कर्णबधिर मुलासाठी शाळेत हक्क मागताना

कर्णबधिर मुलाला प्रवेश नाकारणारी शाळा सहसा 'नाही' असे म्हणत नाही. मुख्याध्यापक बसायला सांगतात, मुलीकडे पाहून हसतात आणि मग पालकांना म्हणतात, "तिच्याच भल्यासाठी सांगतो, तिला इथे झेपणार नाही." माझ्या मुलीच्या पहिलीच्या प्रवेशावेळी हे वाक्य मी तीन शाळांत ऐकले आणि तिन्ही वेळा आभार मानून बाहेर पडले. आज कोणी पालक सल्ला विचारायला आले, तर मी सर्वांत आधी सांगते की नकार लेखी मागा, आणि तो मिळत नसेल तर निदान तुमचा अर्ज तरी लेखी द्या. तोंडी झालेले बोलणे पुढच्या कार्यालयात कोणीही मान्य करत नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक शाळेत द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. कार्यालयाने अर्ज घेतलाच नाही, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. सोबत दिव्यांगत्व प्रमाणपत्राची किंवा यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या केंद्रीय ओळखपत्राची) प्रत आणि ऑडिओग्राम, म्हणजे श्रवण तपासणीचा आलेख, जोडावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यातील श्रवणदोष ७० डेसिबल असेल तर 'बधिर', आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर 'कमी ऐकू येणारी व्यक्ती' असे धरले जाते. बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व नमूद असावे लागते. प्रमाणपत्र नसेल, तर प्रवेशाच्या हंगामाची वाट न पाहता आधीच केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करावी.

अर्जात कायद्याची दोनच कलमे लिहिली तरी पुरते. कलम ३१ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे, आणि या दोहोंतली निवड मुलाची आहे. "तुमच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत ना" या वाक्याला एवढे उत्तर पुरेसे आहे. विशेष शाळा कमी दर्जाची असते असे मी मुळीच म्हणत नाही. तिथे मुलाला आपल्यासारखी मुले आणि खुणांनी बोलणारी माणसे भेटतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती वाट पालकांनी विचार करून निवडलेली असावी, दारातून परत पाठवल्यामुळे धरलेली नसावी. दुसरे, कलम २ (h) हे आहे. त्यात भेदभावाची व्याख्या असून वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या गरजेनुसार करायचा बदल, नाकारणे हादेखील भेदभावच आहे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे.

प्रवेश मिळाला की लढा संपला असे मला वाटले होते. दुसरीत असताना तिची मराठीची वही घरी आली. वरच्या ओळीत तिने सुबक अक्षरांत 'श्रुतलेखन' असे लिहिले होते, कारण तो शब्द फळ्यावर होता. खाली १ ते १० आकडे घातले होते आणि प्रत्येक आकड्यापुढची जागा कोरी होती. लाल शाईत शून्य होते आणि शेजारी शेरा होता, "लक्ष देत नाही." बाई वाईट नव्हत्या. ऐकून लिहिण्याची परीक्षा ऐकू न येणाऱ्या मुलीची कशी घ्यायची, हे त्यांना कधी कोणी सांगितलेच नव्हते आणि मीही सांगितले नव्हते.

म्हणून "माझ्या मुलीकडे लक्ष द्या" अशी मोघम विनंती करू नये. अशा विनंतीने कोणाचेही काम बदलत नाही. कोणत्या तासाला नेमके काय करायचे, ते लिहून द्यावे. माझ्या पत्रात पुढील मजकूर होता: "तिला पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर, शिक्षकांचा चेहरा दिसेल आणि खिडकीचा उजेड तिच्या डोळ्यांवर येणार नाही, अशा जागी बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोललेले तिला समजत नाही, म्हणून आधी लिहावे आणि मग वळून सांगावे. श्रुतलेखनाऐवजी चित्र पाहून शब्द लिहिण्याची आणि तोंडी परीक्षेऐवजी लेखी उत्तराची मुभा द्यावी. गृहपाठ व सुट्टीची सूचना फळ्यावर लिहावी." श्रवणयंत्राबद्दलही दोन ओळी लिहाव्यात. यंत्राने आवाज मोठा होतो, पण तो स्पष्ट होतोच असे नाही, आणि पंख्याची घरघर व बाकांची खरखरही त्याच्याबरोबर मोठी होते. कानातला साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारते. त्यावर वर्ग हसला तर शिक्षकांनी काय करावे, हेही पत्रात असावे.

कलम १७ मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. दहावीच्या सवलतींसाठी शाळेमार्फतच प्रस्ताव जातो, म्हणून नववीतच मुख्याध्यापकांना लेखी आठवण द्यावी.

खुणांच्या भाषेबद्दल माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. "हात चालले की जीभ चालणार नाही," असे एका तज्ज्ञांनी सांगितले आणि मी दोन वर्षे घरात खुणा बंद ठेवल्या. त्याच काळात तिचे आजोबा वारले. ते कुठे गेले हे विचारायला तिच्याजवळ भाषा नव्हती आणि सांगायला माझ्याजवळ नव्हती. १८८० साली मिलान येथे भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षणावरील आंतरराष्ट्रीय परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हटवण्याचा ठराव केला होता. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने तो नाकारून खेद व्यक्त केला, तरी तो समज आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशाच्या २०२१ मधील आवृत्तीत १०,००० शब्द आहेत. श्रवणयंत्र असो वा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले यंत्र), त्याच्याबरोबरच मुलाला ही भाषा द्यावी आणि ती घरातल्या सर्वांनी शिकावी.

बँकेत, दवाखान्यात अधिकारी सोबत आलेल्या माणसाशीच बोलू लागतात. तिथे नम्रपणे मागे सरावे आणि "तिलाच विचारा, लिहून दाखवा" असे म्हणावे. 'मूकबधिर' हा शब्द फॉर्मवर दिसला तर तो खोडून 'कर्णबधिर' लिहावे. ज्यांना भाषा आहे ते मुके नाहीत.

शाळेने दाद दिली नाही, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. समाधान झाले नाही तर दिव्यांगांसाठीच्या जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. त्यापुढे पुण्यातील राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, ज्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तिथे भावनेपेक्षा शिक्के मारलेल्या प्रती, तारखा आणि ती श्रुतलेखनाची वही जास्त कामी येते.

मूल मोठे असेल तर सुनावणीसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषा त्याच अर्जात मागून घ्यावा. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाषाच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयासमोर उभ्या राहिल्या, हे उदाहरण अर्जात जरूर लिहावे. दुभाषा नसेल, तर तुमच्या मुलीबद्दलचे सगळे बोलणे तिच्यासमोर होईल आणि तिला त्यातले काहीच कळणार नाही. अशा वेळी सुनावणी सुरू होण्याआधीच पुढची तारीख मागावी आणि ती का मागितली, याची नोंद त्या दिवशीच्या कागदावर करून घ्यावी.