पॅकेटचा सर्वांत स्वस्त मार्ग हाताने कसा काढावा

संगणकांच्या जाळ्यातून माहिती लहान तुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी जाते. बेळगाव, संकेश्वर, चिकोडी आणि निपाणी येथे शाखा असलेल्या एखाद्या पतसंस्थेचे असे जाळे कागदावर काढावे आणि प्रत्येक दुव्यावर खर्च लिहावा: बेळगाव–संकेश्वर ४, बेळगाव–चिकोडी ९, संकेश्वर–चिकोडी ३, संकेश्वर–निपाणी ८, चिकोडी–निपाणी २. (हे आकडे मानलेले आहेत, रस्त्याच्या किलोमीटरांशी त्यांचा संबंध नाही.)

संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीनुसार बेळगावला ० आणि इतरांना अनंत द्यावे; मग पक्क्या न झालेल्या ठिकाणांपैकी सर्वांत कमी आकड्याचे ठिकाण पक्के करून त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे उतरतात का, ते दर वेळी तपासावे. बेळगाव पक्के करताच संकेश्वर ४ वर आणि चिकोडी ९ वर येते. संकेश्वर ४ वर पक्के होताच चिकोडीचे ९ उतरून ७ होतात आणि निपाणी १२ वर येते. पण चिकोडी पक्के केल्यावर तेच १२ खोडून ९ लिहावे लागतात. सारी गंमत या खोडण्यात आहे. बेळगावच्या राउटरने, म्हणजे पॅकेट पुढे कोणाकडे द्यायचे ते ठरवणाऱ्या यंत्राने, मात्र एवढेच नोंदवायचे, की निपाणीचे पॅकेट संकेश्वरकडे सोपवायचे.

राउटरांनी मार्ग ठरवण्याची ओएसपीएफ ही नियमपद्धती हीच रीत वापरते. अनेक राउटरांच्या मूळ मांडणीत १०० मेगाबिटला दुव्याच्या वेगाने भागून खर्च काढतात, आणि खर्च १ च्या खाली जात नाही, त्यामुळे १०० मेगाबिट आणि १ गिगाबिट या दोन्ही दुव्यांचा खर्च १ च येतो. तेव्हा भागाकारातला हा १०० मेगाबिटचा संदर्भवेग सर्व राउटरांवर सारखाच वाढवून घ्यावा.