लाल वायर कुठं लावायची: बेडकाच्या शुक्राणूंवर काम करायचंय म्हणणाऱ्यांसाठी

रावेर तालुक्यातलं गाव, घरी केळी, बारावीपर्यंत मराठी मीडियम, बीएस्सी-एमएस्सी जळगाव जिल्ह्यातच. हे सांगायचं कारण म्हणजे दरवर्षी दोन-तीन पोरं-पोरी विचारतात, दादा तुम्ही ते बेडकाचं काय केलं होतं (एमएस्सीला मी बेडकांच्या शुक्राणूत डीएनए कोणत्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो ते पाहिलं होतं), आम्हाला पण तसंच काहीतरी करायचंय. फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखून राहिलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिले विषय समजून घ्या. आपल्या शरीरातल्या पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. शुक्राणूच्या डोक्यात जागा कमी, म्हणून बरेच प्राणी शुक्राणू तयार होताना हिस्टोन काढून टाकतात आणि प्रोटामीन नावाचं छोटं, आर्जिनीन (पॉझिटिव्ह चार्जचं अमिनो आम्ल) ठासून भरलेलं प्रथिन बसवतात. हे प्रोटामीन पहिल्यांदा मीशर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं 1874 मध्ये ऱ्हाईन नदीच्या सॅमन माशात पाहिलं. आता वाटतं की सगळे प्राणी असंच करत असतील, पण सगळे बेडूक नाही ना करत! राना गटातले, म्हणजे अमेरिकन बुलफ्रॉग वगैरे, शुक्राणूतही हिस्टोन ठेवतात, फक्त एच1 प्रकारचे लिंकर (म्हणजे गुंडाळ्यांना जोडणारे) हिस्टोन त्यांचे वेगळे असतात. बुफो गटातले टोड, म्हणजे खरखरीत कातडीचे बेडूक, हिस्टोन काढून सरळ प्रोटामीनवर जातात. आणि झेनोपस, म्हणजे लॅबमध्ये वापरतात तो आफ्रिकन बेडूक, मधोमध, त्याच्यात एच3 आणि एच4 हे हिस्टोन राहतात, एच2ए-एच2बी बरेच कमी होतात आणि त्यांच्या जागी एसपी1 ते एसपी6 अशी शुक्राणूची खास प्रथिनं येतात. बिनशेपटीच्या उभयचरांचा एकच गण आणि त्यात तीन तऱ्हा. मला तर हे वाचून झोपच लागली नव्हती, गावच्या नाल्यात डराव डराव करणाऱ्यांत पण असाच फरक असेल का म्हणून.

घरी सांगितलं तेव्हा आबा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणे, "बेडकाचं वीर्य? सोयरिकीला पाहुणे आले तर काय सांगू रे भो?" तयारी ठेवा. मी शेवटी "प्रोटीनवर काम करतो" एवढंच सांगायला लागलो.

बेडूक आणायचा विषय आधी मिटवा. उठलं, पोतं घेतलं आणि पावसात तळ्यावर गेलं असं चालत नाही. कॉलेजची ॲनिमल एथिक्स कमिटी आणि वन विभागाची परवानगी दोन्ही लागतात, आपला मोठा पिवळा-हिरवा बेडूक तर साईट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि त्याच्या तंगड्यांची निर्यात 1987 पासून बंद आहे. आमच्याकडं बेडकांचा सीझन म्हणजे जूनचा पहिला मोठा पाऊस, त्यामुळं अर्ज हिवाळ्यात भरीत पार्ट्या चालू असतात तेव्हाच टाका, मे महिन्यात टाकला तर कागद हातात येईपर्यंत बेडूक गाऊन मोकळे. माझं पहिलं वर्ष याच्यातच गेलं. आणि एक लक्षात ठेवा, टोड मारायलाच लागतो असं नाही, एचसीजी हार्मोनचं इंजेक्शन दिलं की बऱ्याच टोडांत शुक्राणू लघवीतून मिळतात, गाईडला हे आधी विचारा.

आता लॅब. नेहमीचं एसडीएस जेल (विजेच्या जोरावर प्रथिनं पळवून आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करायची जेली) इथं नीट कामी येत नाही, प्रोटामीन इतकं छोटं आणि इतकं पॉझिटिव्ह की भलतीकडंच पळतं. म्हणून ॲसिड-युरिया जेल, पानिम आणि चॉकली यांची 1969 ची पद्धत. यात प्रथिनांवर त्यांचा स्वतःचा पॉझिटिव्ह चार्ज असतो, त्यामुळं ती निगेटिव्ह टोकाकडं पळतात, म्हणजे वायरी उलट्या लावाव्या लागतात. मी सवयीप्रमाणं लाल-काळी नेहमीसारखी लावली आणि चहाला गेलो. परत आलो तर मिथाईल ग्रीन, म्हणजे सॅम्पल कुठं पोचला ते दाखवणारा रंग, वरच्या बफरमध्ये मस्त हिरवं पसरलेलं, आणि तरी मला कळलं नाही, रात्री स्टेन करून पाहिलं तर जेल काचेसारखं स्वच्छ. चार महिने जपलेला सॅम्पल बफरमध्ये ओतून दिला होता. पॉवर पॅकवर टेप लावून मराठीत लिहा, "वर लाल", लाज वाटू देऊ नका.

युरियाचं पण ऐका. आबांना वाटलं पोत्यातला युरिया चालेल, नाही चालत, मॉलिक्युलर बायोलॉजी ग्रेडचाच लागतो. पाण्यात टाकला की बीकर बर्फासारखा गार होतो, मे महिन्यात भुसावळकडच्या उन्हात तो हातात धरायला फार बरं वाटतं. पण द्रावण करून ठेवू नका. युरियातून हळूहळू सायनेट तयार होतं, उष्णतेनं आणखी लवकर, आणि ते लायसीनला (हे पण पॉझिटिव्ह अमिनो आम्ल) चिकटलं की प्रथिनाचा चार्ज कमी होतो आणि पट्टा सरकतो. हे जेल एकेका चार्जचा फरक दाखवतं, एच4 वर ॲसिटिल गट (चार्ज कमी करणारे छोटे रासायनिक तुकडे) बसले तरी शिडीसारखे वेगळे पट्टे दिसतात, तिथं सायनेटचा घोळ कसा सहन होणार. लागेल तेवढं ताजं करा.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त ठेच खाल्ली ती. माझ्या टोडच्या लेनमध्ये (जेलवरच्या त्या सॅम्पलच्या रांगेत) खाली प्रोटामीनसारखा पट्टा आला, ठीक, पण वर हिस्टोनचे पट्टे पण आले, चांगले ठसठशीत. मी उड्या मारायला लागलो, टोड आणि हिस्टोन, पेपर झाला म्हणून गाईडच्या केबिनमध्ये धावत गेलो. त्यांनी एकच विचारलं, "रक्त धुतलं होतं का?" बेडकाच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं रे बाबांनो! आपल्यासारखं नाही. वृषण चिरडलं की त्यातल्या रक्ताचे हिस्टोन, अर्धवट तयार पेशींचे हिस्टोन, सगळं त्याच लेनमध्ये. आणि गंमत बघा, कोसेल या जर्मन शास्त्रज्ञानं 1884 मध्ये हिस्टोन पहिल्यांदा काढलं तेच हंसाच्या तांबड्या पेशींतून, त्यांनाही केंद्रक असतं म्हणून. मी पुस्तकात हे वाचलेलं होतं आणि परीक्षेत लिहिलं पण होतं.

तेव्हापासून माझी सवय अशी, पट्टा दिसला की पहिला संशय स्वतःच्या हातावर. रक्ताची वेगळी लेन, फक्त शुक्राणूंची वेगळी लेन, पीएमएसएफ ताजं टाकलं होतं का (ते प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना थांबवतं, पण पाण्यात लवकर मरतं), सॅम्पल जूनचा की ऑक्टोबरचा, एकाच दिवशी एकाच जेलवर चालवला का. दोन जातींत फरक आहे असं म्हणायच्या आधी तीन-तीन बेडकांत तोच पट्टा यायला पाहिजे. माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये शेवटी म्हणावं असं एकच वाक्य उरलं, आणि ते पण "शक्यता आहे" लावून.

ज्यांच्या कॉलेजात कूलिंग सेंट्रिफ्यूज पण नाही त्यांनी रडत बसू नका. झेनोपस ट्रॉपिकॅलिसचा जिनोम 2010 ला आला, लेव्हिसचा 2016 ला, दोन्ही फुकट आहेत. यूनिप्रॉट या प्रथिनांच्या फुकट डेटाबेसवरून सिक्वेन्स काढा, शेजारी शेजारी लावा, आर्जिनीन किती, लायसीन किती ते मोजा. मोबाईलच्या नेटवर पण होतं, मी भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये बसून केलंय. मग अंड्याकडून पण वाचा, झेनोपसच्या अंड्यात न्यूक्लिओप्लाझ्मिन नावाचं प्रथिन असतं, ते शुक्राणूची ती खास प्रथिनं काढून एच2ए-एच2बी परत बसवतं, 1978 मध्ये मॉलिक्युलर चॅपेरोन (दुसऱ्या प्रथिनांना नीट जुळायला मदत करणारं) हा शब्द याच्यासाठीच आला. इंटरव्ह्यूत मला शुक्राणूबद्दल एक प्रश्न आला आणि याच्याबद्दल चार.

इंग्रजीची भीती मला पण होती. पेपर वाचताना प्रत्येक परिच्छेदाशेजारी मराठीत एक ओळ लिहायचो, आणि जिथं मराठीत लिहिता आलं नाही तिथं मला ते समजलेलंच नाही हे कळायचं. ती वही अजून आहे, मागच्या पानावर आबांनी केळीच्या घडांचा हिशोब लिहिलाय, त्यामुळं कुणाला उसनी देता येत नाही.