पीएच.डी.तून कंपनी काढायची असेल तर कंपनी सगळ्यात शेवटी काढा

लोगो राहू द्या. आधी थिसिस कधी जमा करायचाय ते सांगा. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या इन्क्युबेटरमध्ये (नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या केंद्रात) माझं टेबल आहे आणि त्यापुढे बसणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते. कंपनीचं नाव, वेबसाइट, व्हिजिटिंग कार्ड सगळं तयार असतं आणि पेटंटचा अर्ज मात्र ‘व्हायव्हा झाला की बघू’.

व्हायव्हा म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा. ती झाली की बघायला काही उरत नाही. शोध एकदा जाहीर झाला की त्याचं नावीन्य गेलं, आणि नावीन्य नसेल तर पेटंट नाही. आपल्या पेटंट कायद्याच्या 31व्या कलमात 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या गोष्टींपुरती. शोधगंगेवर, म्हणजे थिसिसच्या सार्वजनिक ऑनलाइन संग्रहावर, चढलेला थिसिस त्यात बसवता येईल या भरवशावर राहू नका. अमेरिकेत वर्षाची मुभा मिळते, युरोपात तीही जवळपास नाही.

तेव्हा पेपर, पोस्टर, ओपन व्हायव्हा या सगळ्याच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज टाका. व्यक्तीला किंवा शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन सरकारी फी 1,600 रुपये पडते. एजंटची फी वेगळी. कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं संपूर्ण वर्णन, 12 महिन्यांत द्यायचं. अर्ज गेला की दुसऱ्या दिवशी पेपर पाठवायला हरकत नाही, पण संरक्षण मिळतं ते अर्जात लिहिलेल्या गोष्टींनाच. तीन महिन्यांनी सर्किट बदललंत आणि ते नवं सर्किट कॉन्फरन्समध्ये दाखवलंत, तर ती सुधारणा उघड्यावर पडली. बदल झाला की आधी नवा अर्ज, मग स्लाइड.

अर्ज कुणाच्या नावावर? इथे गाइडशी संबंध बिघडतात. तुमच्या संस्थेचं आयपी (बौद्धिक संपदा) धोरण काढून वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. संस्थेची लॅब आणि संस्थेचा निधी वापरला असेल तर बहुतेक ठिकाणी मालकी संस्थेची असते आणि तुम्ही संशोधक म्हणून नोंदले जाता. प्रोजेक्ट एखाद्या उद्योगाने पुरस्कृत केला असेल तर त्याचा करार आधी पाहा. मग संस्थेकडून तो शोध वापरण्याचं लायसन्स मागा: एक्सक्लुझिव्ह (फक्त तुम्हालाच) आहे का, रॉयल्टी किती, पेटंटच्या नूतनीकरणाची फी कोण भरणार. सगळं लेखी. ‘सर म्हणालेत’ हा करार नव्हे. सर शेअर मागत असतील तर मागू द्या, पण दर आठवड्याला किती तास देणार तेही त्याच कागदावर येऊ द्या.

आता ग्राहक. मातीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचं उदाहरण घ्या, कारण माझ्याकडे दर वर्षी एक तरी येतो. लॅबमध्ये चाळलेल्या मातीच्या कुंडीत आलेख सरळ रेषेत येतो. निफाडच्या द्राक्षबागेतली काळी माती मात्र सुकली की आकसते, भेगा पडतात, सेन्सरभोवती हवा शिरते आणि रीडिंग एकदम पडतं. वर वायर उंदीर कुरतडतात. बागायतदार अचूकता विचारतच नाही. तो विचारतो, ‘बॅटरी संपली की कोण येणार?’ याचं उत्तर थिसिसमध्ये नसतं. म्हणून किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा यंत्र परक्या माणसाच्या शेतात ठेवा. स्वतःच्या मामाच्या शेतात नको, मामा तक्रार करत नाही.

यासाठी पैसे लागतात, कंपनी लागत नाही. केंद्राच्या निधी-प्रयास योजनेत प्रोटोटाइपसाठी 10 लाखांपर्यंत मिळतात आणि एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. बायोटेक, वैद्यकीय उपकरण असेल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेची ‘बिग’ (BIG) ही अनुदान योजना बघा, तिथे मर्यादा 50 लाख आहे.

कंपनी नोंदवण्याची घाई नडते ती इथे. स्टार्टअप इंडियाच्या सीड फंडासाठी (सुरुवातीच्या भांडवलासाठी) अर्ज करताना कंपनी 2 वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. तुम्ही थिसिस लिहीत बसलात तरी ते घड्याळ चालूच असतं. शिवाय प्रायव्हेट लिमिटेड म्हटली की एक रुपयाची विक्री नसतानाही ऑडिटर हवा. एओसी-4 (वार्षिक हिशेबाचा फॉर्म) आणि वार्षिक विवरणपत्र उशिरा भरलं तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये जादा. पहिला पैसे देणारा ग्राहक किंवा कंपनीच्याच नावावर मिळणारं अनुदान समोर दिसेपर्यंत थांबा.

घरच्यांना मुदतीचा अंदाजही खरा द्या. आयआयटी मुंबईतून निघालेली, ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज 2007 साली स्थापन झाली आणि तिचा शेअर बाजारात आला 2023 साली. ‘वर्षभरात फंडिंग’ असं सासरी सांगून ठेवलेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना मी आधी फेलोशिप किती महिने उरली आहे ते विचारते. सहापेक्षा कमी असतील तर नोकरी धरा आणि प्रोव्हिजनल तेवढा याच आठवड्यात टाका. नव्या नोकरीचं पत्र सही करण्याआधी त्यातलं आयपीचं कलमही मला दाखवा.