सायकलवर दम वाढवायचा असेल, तर आधी वेग कमी करा

सायकल नियमित चालवणारे बरेच जण काही महिन्यांनी एका जागी अडकतात. रोजचा रस्ता तोच, लागणारा वेळ तोच आणि चढ आला की धापही तशीच लागते. अशा वेळी आणखी जोर लावावासा वाटतो. पण बहुतेकांच्या बाबतीत अडचण अशी असते की रोजची राइड ना धड हलकी होते, ना धड कडक. हलका दिवस हलकाच ठेवायचा आणि कडक दिवशी पूर्ण ताकद लावायची, ही सवय लावून घेतली की दमसास वाढू लागतो. ती कशी लावायची ते पाहू.

आधी सीटची उंची

सीट चुकीची असेल तर सराव वाढवल्यावर सगळ्यात आधी गुडघे तक्रार करतात. भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसा, एक पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक येतो. ही उंची बहुतेकांना चालते. टाच टेकवताना कंबर एका बाजूला कलत असेल, तर सीट जास्त वर आहे. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली असते, मागून दुखला तर वर. एका वेळी चार-पाच मिलिमीटरच बदला आणि दोन-तीन राइड करून बघा.

पहिला महिना फक्त हलक्या राइड

आठवड्यातून तीन-चार वेळा, ४५ मिनिटांपासून दीड तासापर्यंत. वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर गिअर हलका करा. चढावर हे अवघड जातं, लोक पुढे निघून जातात आणि मनाला लागतं. जाऊ द्या त्यांना.

या संथ तासांमध्ये बरंच काही घडतं. स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात आणि शरीर चरबी जास्त चांगल्या रीतीने जाळायला शिकतं. स्टीफन सायलर या अभ्यासकाने अव्वल खेळाडूंच्या सरावाची पाहणी केली, तेव्हा साधारण ८० टक्के सत्रं हलकी आणि उरलेली कडक असल्याचं दिसलं. पहिल्या महिन्यानंतर आठवड्याला तीनच राइड होत असतील, तर एक कडक आणि दोन हलक्या एवढं पुरे.

हार्ट रेट मॉनिटर वापरत असाल तर '२२० वजा वय' या सूत्रावर फार विसंबू नका. ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. बोलता येतंय का, ही कसोटी जास्त भरवशाची.

याच काळात केडन्सकडे, म्हणजे पेडल मिनिटाला किती फेरे घेतं त्याकडेही लक्ष द्या. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. सपाट रस्त्यावर तो आकडा २० ते २२ हवा, म्हणजे मिनिटाला ८० ते ८८ फेरे. १५-१६ च येत असतील तर गिअर जड आहे आणि गुडघ्यांवर नको तेवढा भार येतोय.

मग आठवड्यातून एक कडक दिवस

वाहतूक नसलेला, सलग चढाचा रस्ता सर्वांत चांगला. तो नसेल तर घरातला ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवता येईल असा स्टँड. १५ मिनिटं अंग गरम करा. मग ४ मिनिटं जोरात, ३ मिनिटं अगदी हळू, असं चार वेळा. शेवटी १० मिनिटं सावकाश.

चुकतं ते पहिल्याच चार मिनिटांत. पाय ताजे असतात, माणूस सुसाट सुटतो आणि तिसऱ्या वेळी पाय गळून जातात. पहिला इंटरव्हल, म्हणजे जोराच्या चार मिनिटांचा पहिला टप्पा, 'अजून जोर लावता आला असता' असं वाटत संपला पाहिजे. चौथा पहिल्याच वेगात पूर्ण झाला, तर दिवस साधला. दुसरा कडक दिवस वाढवायचा असेल, तर दोन्हींमध्ये किमान ४८ तास जाऊ द्या.

हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर इंटरव्हल सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि लगेच मदत मागा.

विश्रांती आणि खाणं

तीन आठवडे थोडं थोडं वाढवा, चौथ्या आठवड्यात निम्म्यावर या. ताकद राइड करताना येत नाही, ती नंतरच्या झोपेत आणि आरामात येते. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजत जा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागले, तर त्या दिवशी कडक राइड नको.

तासाभराच्या राइडला पाणी पुरतं. दीड तासाच्या पुढे मात्र दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. भूक लागायची वाट न पाहता पहिल्या ४० मिनिटांतच खायला सुरुवात करा.

सायकलिंगमध्ये हाडांवर पुरेसा भार पडत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा स्क्वॉट्स आणि प्लँक करा.

प्रगती कशी मोजायची

एक चढ ठरवा, शक्यतो वाऱ्याला आडोसा असलेला. दर सहा आठवड्यांनी, एक दिवस आराम करून, तोच चढ त्याच सायकलवर आणि टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून चढा. वेळ लिहून ठेवा आणि वर पोहोचल्यावर श्वास जाग्यावर यायला किती मिनिटं लागली तेही लिहा. बऱ्याचदा हा दुसरा आकडाच आधी कमी होतो.