फिगर स्केटिंगची पहिली परीक्षा: आधी कडा पक्क्या करा

अमेरिकेत स्केटिंग शिकणाऱ्यांपुढे सुरुवातीलाच प्री-प्रिलिमिनरी पातळीची ‘स्केटिंग स्किल्स’ परीक्षा येते. २०२३ पर्यंत तिला ‘मूव्ह्ज इन द फील्ड’ म्हणत. तिच्यात एकही उडी नाही. तरीही मुलं उड्यांच्याच मागे असतात. माझं ऐकाल तर सरावाचा निम्मा वेळ कडांना द्या.

ब्लेड खालून खोलगट असतं, म्हणून त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात. परीक्षेतला पहिला भाग स्ट्रोकिंगचा, म्हणजे एकेका पायाने धक्का देत सरकण्याचा. आधी रिंकभोवती पुढे स्ट्रोकिंग करा. गुडघा वाका, धक्का ब्लेडच्या कडेने द्या. टो-पिकने, म्हणजे ब्लेडच्या पुढच्या टोकावरच्या दातांनी, बर्फ उकरू नका. प्रत्येक धक्क्यानंतर मागचा पाय पूर्ण ताणला गेला पाहिजे.

मग अर्धवर्तुळं. बर्फावर आखलेली हॉकीची रेघ हा आपला अक्ष. रेघेवर उभं राहून उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर निघा, अर्धवर्तुळ घेत रेघेवर परत या, तिथून डावा पाय. अशी चार ते सहा. सुरुवातीला मोकळा पाय मागे असतो. वळणाच्या मध्यावर तो सावकाश पुढे आणा आणि त्याच वेळी हातही बदला. घाईने फेकलात तर वर्तुळ आत वळतं आणि रेघ गाठता येत नाही. रेघेवर येताना तिला काटकोनात भेटायचं. हेच आतल्या कडेवर आणि मग दोन्ही कडांवर मागे जातानाही करायचं.

दर फेरीनंतर मागे वळून बर्फावरची खूण पाहा. एकच बारीक रेघ असेल तर कड लागली. दोन समांतर रेघा दिसल्या, तर तुम्ही सपाट ब्लेडवर होतात. कोच शेजारी नसला तरी ही खूण खरं सांगते.

पुढचा भाग स्पायरल: एका पायावर सरकत मोकळा पाय मागे कमरेइतका वर नेऊन साधारण चार सेकंद धरायचा. छाती खाली पाडू नका, नजर समोर.

शेवटी वॉल्ट्झ एट, म्हणजे दोन वर्तुळांचा इंग्रजी आठचा आकडा. ते बहुतेकांना जड जातं. प्रत्येक वर्तुळाचे तीन समान भाग, प्रत्येकी सहा मात्रा: थ्री टर्न (एकाच पायावर पुढून मागे वळणं), मग मागे बाहेरची कड, मग पुढे बाहेरची कड. वळताना खांदे आधी फिरवा, पाय नंतर. संगीत नसलं तरी मात्रा तोंडाने मोजा.

ब्लेडला धार परीक्षेच्या आदल्या दिवशी लावू नका. निदान आठवडाभर आधी लावा, म्हणजे नव्या धारेची पायाला सवय होते.